सुकूदे आणि तळ्याकाठचं घर

आम्ही त्याला सुकूदे म्हणायचो. रंगारी होता. पहिला हात मारून झाला की शिडीवरून उतरायचा, ब्रश धुवायचा आणि घरमालक कितीही घाई करो, एवढंच म्हणायचा, ‘सुकू दे.’ घरमालक चिडायचे, पाहुणे येणार असल्याचं सांगायचे, दुसरा माणूस बघू अशी धमकी द्यायचे. हा पायरीवर बसून राहायचा. भिंत सुकली की उठायचा.

मी गवंडी. गिलावा माझा, रंग त्याचा. माझ्या भिंतीत खोट काढल्याशिवाय त्यानं कधी रंगाचा डबा उघडला नाही. मी ओळंबा लावून सरळ केलेल्या भिंतीला तो गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, ‘इथे पोट आलंय.’ पोट आलेलं नसायचं. कधी कधी असायचं.

काम मात्र बघत राहावं असं. कपाटामागची भिंतही तो तेवढ्याच निगुतीनं करायचा. तिथे कोण बघणार, असं मी एकदा विचारलं. ‘कपाट,’ म्हणाला.

आता दोघांचेही गुडघे गेले. तो मुलाकडे राहतो, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत. मुलाचा रविवार झोपण्यात जातो. सून शाळेत शिकवते, ती रविवारी वह्या तपासत बसते. मी दुपारी जातो. दोन खुर्च्या, मध्ये एक स्टूल, समोर टीव्ही. नुसतं बसून राहणं मला कधी जमलं नाही, पण त्या खोलीत जमायला लागलं. कारण ती मालिका.

मालिकेचं नाव ‘तळ्याकाठचं घर’. कुठल्यातरी थंड मुलखातली होती, पण माणसं आपल्या भाषेत बोलायची. ओठ आणि शब्द जुळायचे नाहीत. ओठ आधी मिटायचे, वाक्य नंतर संपायचं. सवय झाल्यावर ते बरं वाटायला लागलं. माणूस उठून गेला तरी त्याचा आवाज थोडा वेळ खोलीत बसून आहे, असं वाटायचं.

गोष्ट म्हणाल तर फारशी नव्हती. एक तळं. त्यावर धुकं. काठावर दुमजली घर. एक म्हातारी ते चालवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली देते. पाहुणा होडीतून येतो, राहतो, जातो. जाताना काहीतरी विसरतो, म्हातारी ते खिडकीत ठेवते. एका भागात तर एक बाई खिडकी उघडते आणि पुन्हा लावते, एवढंच झालं. आणखीही झालं असेल. मला डुलकी लागली होती.

पण भिंती! सकाळी निळसर, दुपारी दुधासारख्या, दिवा लावला की मधासारख्या. उन्हाचा एक तुकडा भिंतीवरून सरकत जायचा आणि कॅमेराही त्याच्या मागून सावकाश जायचा, कसलीच घाई नसल्यासारखा. बघता बघता पडद्यावरचं धुकं आमच्या खोलीत उतरायचं. खालच्या गल्लीत कुणी सायकल भिंतीला टेकवली की वाटायचं, होडी काठाला लागली. सुकूदे डोळे अर्धे मिटून बसायचा. झोपलाय की बघतोय, ते कळायचं नाही.

‘जिन्यावरून डावीकडची खोली आपणच केली होती ना रे?’ मध्येच विचारायचा.

‘कुठली?’

‘निळी.’

‘अरे, ती टीव्हीतली.’

‘हो का,’ म्हणायचा. पटलेलं नसायचं. आणि घरी जाताना मलाही वाटायचं, त्या जिन्याच्या भिंतीचा गिलावा माझ्या हातचा आहे. थापीचा वळसा ओळखीचा होता.

ही मालिका त्याला त्याच्या ताईनं सांगितली होती. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

सुकूदेची आई गेली तेव्हा ताई लांब, तिच्या सासरी होती. मिळेल ती गाडी पकडून यायला तिला दुसरा दिवस उजाडणार होता. तोवर थांबणं शक्य नव्हतं. आम्ही आईला पोचवून आलो. लोक पांगले. ऊन उतरायच्या आधी मी त्याच्याकडे पुन्हा चक्कर टाकली, तर हा आईच्या खोलीत एकटा. सामान मध्यभागी ओढलेलं, त्यावर जुनी चादर, आणि हा काचकागद घेऊन भिंत घासतोय.

‘आज?’ मी दारातून विचारलं.

‘ताई येणार आहे. खोली स्वच्छ पाहिजे.’

‘मी हात लावू?’

‘नको.’

मी निघालो. काम करणाऱ्या माणसाला अडवू नये.

त्या खोलीत खिडकीपाशी एक बाक होता. आई बरीच वर्षं तिथेच बसायची, भिंतीला डोकं टेकवून. तिथे केसांच्या तेलाचा डाग पडला होता, ताटलीएवढा. तेलाचा डाग हट्टी असतो. वरून नुसता रंग दिला तर थोड्याच दिवसांत परत वर येतो, पहिल्यापेक्षा मोठा होऊन. तो आधी खरवडावा लागतो, मग प्रायमर मारून त्याचं तोंड बंद करावं लागतं, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, मग रंग. सुकूदेनं सगळं केलं. कुठेही चालढकल केली नाही. तो डाग पुन्हा कधीच वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आली ती तडक त्या खोलीकडे गेली. मी तिथेच होतो. ती दारात थांबली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवलीच नाही. खोलीत रंगाचा वास भरला होता, दुसरा कसलाच नव्हता.

‘कोणी केलं हे?’

‘मी,’ हा म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता. काम चांगलं झालं होतं ना.

ताई त्याच संध्याकाळी परत गेली. मग तिचे फोन कमी झाले. मग कामापुरते उरले. मग तेही थांबले. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडण झालंच नाही. वर्षं गेली, त्याची बायको गेली, तेव्हा ताई आली, चार लोकांत बसली आणि चार लोकांबरोबर गेली.

आणि मग एका रविवारी फोन. सुनेनं उचलला. ‘बाबा, आत्याबाई आहेत,’ म्हणाली. हा असा उठला की खुर्ची मागे पडली.

‘टीव्हीवर एक मालिका आहे,’ ताई म्हणाली. ‘तळ्याकाठचं घर. बघ.’ आणि ठेवला.

सुनेनं ती शोधून लावून दिली. पैसे भरले की हव्या तेवढ्या मालिका दिसतात, त्यातली ही एक. सगळे भाग एकदम हजर होते. ‘बाबा, लागोपाठ बघून टाका,’ ती म्हणाली, ‘दोन दिवसांत होईल.’

‘एकच,’ हा म्हणाला. ‘मग सुकू दे.’

पुढच्या रविवारी ताईचा पुन्हा फोन. ‘पाहिलीस?’

‘एक भाग पाहिला.’

‘एकच?’ ती जराशी थांबली. ‘बरं. मग मीही एकच बघते. रविवारी दुपारी.’

तेव्हापासून तिकडे ती, इकडे हा, एकाच वेळी. भाग संपला की तिचा फोन यायचा. याला कमी ऐकू येतं म्हणून सुनेनं फोन स्पीकरवर ठेवायला शिकवलं होतं. त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. मी उठून जायला लागलो की सुकूदे हातानं बस म्हणायचा.

‘तो चष्मेवाला पाहुणा साफ खोटं बोलतोय, कळलं ना तुला?’ ताई विचारायची.

‘त्याच्या खोलीच्या छताला ओल आहे.’

‘अरे, माणसांकडे बघत जा की जरा!’

‘माणसं हलतात गं.’

‘आणि ती मुलगी रडली, तेव्हा तू काय पाहिलंस?’

‘कोपरा. कोपऱ्यात ब्रशचे केस चिकटलेत. तसेच सुकलेत. कोणी केलंय कोण जाणे.’

ताई हसायची. तिचं हसू आधी नाकातून यायचं, मग घशातून. ते ऐकायला हा भिंतींबद्दल मुद्दाम काहीबाही बोलायचा, अशी माझी शंका आहे.

त्या घरातली म्हातारीही खिडकीपाशी बाकावर बसायची. तिच्या डोक्यामागे भिंतीवर डाग होता. पहिल्याच भागात आम्ही तो पाहिला.  ताईनं हीच मालिका का सांगितली, ते मला त्या क्षणी कळलं. फोनवर मात्र दोघं त्या घराच्या दारा-खिडक्यांबद्दल, जिन्याबद्दल, चुलीबद्दल, होडीबद्दल बोलायचे आणि त्या एका जागेला वळसा घालायचे. वाटेत भरलेली बादली ठेवली असली की माणूस जसा बाजूनं जातो, तसे.

असे बरेच रविवार गेले. मग तो भाग आला.

म्हातारी आजारी पडली. सकाळच्या धुक्यातून तिला होडीत निजवून पलीकडे नेलं. वल्ह्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, होडी दिसेनाशी झाल्यावरही. घर रिकामं. खिडकीत पाहुण्यांनी विसरलेल्या वस्तू. बाक रिकामा, मागे डाग. उन्हाचा तुकडा सरकत सरकत डागापर्यंत आला. आणि दार वाजलं. कामाला असलेल्या मुलीनं उघडलं. दारात एक माणूस, खांद्यावर शिडी, हातात बादली. ‘खोली कुठली?’ त्यानं विचारलं. भाग संपला.

सुकूदेनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पुढचा भाग आपोआप सुरू व्हायला लागला, तसा त्यानं घाईनं रिमोट उचलून बंद केला.

ताईचा फोन आला.  ‘पुढच्या रविवारी,’ ताई म्हणाली. ‘हो,’ हा म्हणाला.

पुढच्या रविवारी मालिका नव्हती.

जिथे ते घर, ते तळं दिसायचं, तिथे एक माणूस बंदूक घेऊन उभा होता. सुकूदेनं मला विचारलं, ‘आपण चुकलो का?’ पत्ता चुकल्यासारखं. सुनेला बोलावलं. तिनं इकडे तिकडे दाबून पाहिलं, नाव टाकून शोधलं. मालिका गेली होती.

‘बाबा, गेले काही आठवडे खाली लिहून येत होतं,’ ती म्हणाली. ‘थोडेच दिवस उरलेत, लवकर बघा, असं. तुम्ही वाचलं नाहीत?’

‘वाचलं,’ तो म्हणाला. ‘दुकानदारही लिहितात. शेवटचे दोन दिवस, शेवटचे दोन दिवस. आणि वर्षभर तेच.’

मीही तेच समजलो होतो. आम्ही दोघंही आयुष्यभर लोकांची घाई ऐकून न ऐकल्यासारखी करत आलो. ती कधीच खरी नसायची. ही खरी निघाली.

त्या कंपनीचा मदतीचा नंबर सुनेनं लावून दिला. आधी गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली. आवाज गोड होता.

‘नमस्कार सर, आपली काय मदत करू?’

‘तळ्याकाठचं घर कुठे गेलं?’

‘आपला पत्ता सांगता का?’

‘माझा नको. त्याचा सांगा. मालिका हो, मालिका.’

‘ओह. एक मिनिट हं... सर, ती आता आमच्याकडे दिसणार नाही. हक्क संपलेत.’

‘मग कोणाकडे दिसेल?’

‘सध्या कोणाकडेच नाही, सर.’

‘आख्खं घर गेलं, तळ्यासकट, आणि कोणाकडेच नाही?’

‘त्याऐवजी एक खुनाची नवी मालिका आलीय, सर. लोकांना फार आवडतेय.’

‘मला कोणी मेलेलं बघायचं नाही. तो रंगारी आत गेला का, तेवढं सांगा.’

 मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘मी पण बघत होते सर. पण मी काही भाग मागे आहे. होडी बुडते का हो?’

‘नाही,’ सुकूदे म्हणाला. ‘होडी चांगली आहे.’ आणि फोन ठेवला.

सुनेचा जीव चांगला. ती म्हणाली, ‘बाबा, शेवट काय झाला ते इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेलं असणारच. मी वाचून दाखवते. दोन मिनिटांत कळेल.’

‘ताईच्या आधी?’ तो म्हणाला. ‘नको.’

ताईचा फोन ठरल्या वेळी आला.

‘माझ्याकडेही गेली,’ ती म्हणाली.

‘हो का.’

‘हो.’

पंखा फिरत होता.

‘गुडघे?’

‘आहेत.’

‘बरं. ठेवते मग.’

तिनं ठेवला. सुकूदे फोनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘आता ती कशाला फोन करेल?’

 

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही आपले बसायचो. टीव्ही बंद, खुर्च्या तिकडेच तोंड करून. काळ्या काचेत आम्ही दोघं दिसायचो, लहान, धुकट, बुडाल्यासारखे. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर चढायचं. सुकूदे त्या उन्हाकडे बघायचा. ‘आता ते जिन्यावर पोचलं असेल,’ म्हणायचा. किंवा, ‘आज होडी नाही.’ मी हो म्हणायचो. एकदा तर मला खरंच वल्हं ऐकू आलं. खाली कुणीतरी अंगण झाडत होतं.

तो झोपेतही तिथेच जायचा. सांगायचा मला. घरात कोणी नाही. जिना चढतो. डावीकडची खोली, निळी. पुढची खोली. तिथे दार लोटलेलं. आतून ब्रशचा आवाज येतो, वर-खाली, वर-खाली. आत कोण आहे ते बघायला हात पुढे करतो आणि जाग येते.

‘ढकलायचं ना दार,’ मी म्हटलं.

‘हाताला ओला रंग लागला असता,’ तो म्हणाला.

एकदा बाजारातून येताना एका दुकानाला रंग चालला होता. सुकूदे थांबला. शिडीवरच्या माणसाला बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता खोट काढणार. तर यानं विचारलं, ‘इथे आधी कोणी राहत होतं का?’

‘काका, चपलांचं दुकान आहे हे,’ तो वरून म्हणाला.

‘तरी,’ सुकूदे म्हणाला.

मी त्याला दंडाला धरून घरी आणलं. येता येता मला राग आला. मला राग उशिरा येतो आणि आला की बोलून टाकतो. खोलीत शिरल्यावर मी म्हटलं, ‘पायरीवर बसून तुझं वय गेलं. भिंत आपोआप सुकते रे. माणूस सुकून तडकतो. लाव फोन.’

‘काय बोलू? मालिका नाही.’

‘मालिका नाही तर नाही. जिथे थांबलात तिथून बोल.’

तो बसून राहिला. मग उठला, हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत, काम संपवून घरी निघताना धुवायचा तसे. पुसले. फोन स्टुलावर ठेवला आणि लावला.

बरीच वाजली घंटी.

‘हं,’ ताई.

‘तो आत गेला असेल का गं?’ यानं विचारलं. कशी आहेस नाही, काही नाही.

‘कोण?’

‘शिडीवाला.’

 ताई म्हणाली, ‘गेला असणार. दुसरं काय करणार तो? रंगारी तो. त्याला भिंत दिसली की रंगवायची, एवढंच कळतं.’

‘तसं नाही गं. त्याला कोणीतरी बोलावलं असेल.’

‘तुला कोणी बोलावलं होतं?’

 मी खुर्चीवरून अर्धा उठलो. सुकूदेनं या वेळी हातानं काही सांगितलं नाही. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मी परत बसलो, कारण मधेच दार वाजवणं बरं दिसलं नसतं.

‘नव्हतं,’ तो म्हणाला.

‘एक दिवस, अरे. एक दिवस थांबता आलं नाही तुला? जगाला सांगत फिरतोस, सुकू दे, सुकू दे. आणि आई गेली त्याच दिवशी ब्रश हातात! दोन गाड्या बदलून आले मी. उभ्यानं आले. वाटेत एकच डोळ्यांसमोर होतं, जाऊन त्या बाकावर बसायचं. तिचं डोकं जिथे टेकायचं तिथे डोकं टेकायचं. काय ठेवलंस तू? दवाखाना करून ठेवलास.’

 सुकूदे त्या दिवसाचं काम सांगायला लागला. त्याला दुसरं काही सांगता येतच नव्हतं.

‘आधी दाराची भिंत केली,’ म्हणाला. ‘ती सोपी होती. मग कपाटाची. कपाट ओढलं तर मागे तिची एक केसांची पिन सापडली. ती खिशात ठेवली. मग समोरची. घासली, पुसली, हात मारला. बसता येत नव्हतं गं मला. बसलो की तिच्या खोकल्याचा आवाज यायचा. ब्रश चालू असला की यायचा नाही.’

त्यानं स्टुलावरचा फोन जरा जवळ ओढला.

‘खिडकीची भिंत शेवटी ठेवली. तिच्याकडे पाठ करूनच सगळं केलं. मग तीच राहिली. डागासमोर उभा राहिलो. मग बाकावर बसलो. डोकं टेकलं मी पण. तिची उंची कमी, मला वाकावं लागलं. किती वेळ बसलो ते कळलं नाही. तिथे तिचा वास होता. मग वाटलं, ताई येईल, हे बघेल, आणि किती रडेल. म्हणून उठलो. तू रडू नयेस म्हणून केलं ते.’

‘मी रडायलाच येत होते रे,’ ताई म्हणाली.

 ऊन भिंतीवर चढत छतापर्यंत पोचलं होतं. मला वाटलं आता ती ठेवेल. सुकूदेलाही वाटलं असावं. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, उपडे.

‘ती पिन आहे?’ ताईनं विचारलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

‘नाही. कुठल्या तरी कामावर पडली. शोधली खूप.’

‘वेंधळा तो वेंधळाच.’ मग थांबून, ‘त्या दिवशी जेवलास?’

‘नाही.’

‘कोणी विचारलं नाही?’

‘नाही.’

‘आणि तुझा तो गवंडी कुठे होता? सदानकदा तर चिकटलेला असतो.’

‘इथेच आहे, ताई,’ मी खुर्चीतून म्हटलं.

‘ऐकताय का तुम्ही सगळं?’ ताई ओरडली. ‘लाज आहे का काही? आणि त्याला असा टाकून गेलात तुम्ही? उपाशी? भिंत घासताना बघून परत फिरलात?’

‘तो नको म्हणाला.’

‘तो नको म्हणाला! आणि तुम्हांला ते खरं वाटलं! दोघंही सारखेच. एकाला थापी, एकाला ब्रश, डोकं कोणालाच दिलेलं नाही.’

 मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे नंतर लक्षात आलं. सुकूदेच्या तोंडावर इतक्या दिवसांनी काहीतरी हललं. त्याला शिव्या बसत होत्या तेव्हा नाही, मला बसायला लागल्या तेव्हा.

मग ताई आणखी थोडी बोलली. आईचा खोकला तिलाही ऐकू यायचा, तिकडे, इतक्या लांब. कधी कधी चहा टाकताना. मग नवऱ्याचं पथ्य, नातीचं शिंक आली तरी शाळा बुडवणं. मालिकेचं नाव दोघांपैकी कोणीही काढलं नाही. मला डुलकी लागत होती. आवाज तळ्यावरून आल्यासारखे येत होते, एक अलीकडून, एक पलीकडून.

‘आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीचे पापुद्रे सुटलेत,’ ती म्हणत होती. ‘हात लावला की पीठ पडतं.’

सुकूदे सरळ बसला. ‘कुठली भिंत?’

‘बाहेरची. मोरीकडची.’

‘खालून की वरून?’

‘खालून. कमरेपर्यंत.’

‘बाहेरचा गिलावा गेला असणार. नुसत्या रंगानं भागणार नाही ते.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे उघडे असल्याचं दाखवलं. ‘याला घेऊन यावं लागेल.’

‘मग या घेऊन. जिना आहे, गुडघे सांभाळा.’

‘येतो,’ तो म्हणाला. ‘आधी सगळं खरवडून घेऊ. मग प्रायमर...’

‘थांब,’ ताई म्हणाली. ‘आधी येऊन बसायचं. दोघांनीही. जेवायचं. मी म्हणेपर्यंत कोणी ब्रश भिजवायचा नाही.’

सुकूदे खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं, वाद घालणार.

‘बरं,’ तो म्हणाला.